गाडी धुण्याआधी पाणी ओळखा

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, तेही कृष्णेचं. एरवी तेल वाहणाऱ्या या टाक्या राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं आणि मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ प्रशासनावर आली होती. आता एक साधा हिशेब करू. अंगणातल्या नळाला पाइप लावून आपण गाडी धुतो तेव्हा मिनिटाला साधारण पंधरा लिटर पाणी जातं. दहा मिनिटं पाइप चालू राहिला की दीडशे लिटर गेले. म्हणजे त्या पहिल्या रेल्वेतलं सगळं पाणी अशा तीन हजार तीनशे गाड्यांवर संपलं असतं.

मराठवाड्यात गाडी धुण्याचं साहित्य घेताना सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी. दुकानात गेलो की डोळे आधी यंत्राच्या खोक्यावर जातात. किती बार, किती वॅट, सोबत किती नळ्या, हे आपण वाचत बसतो. पण नांदेड-लातूरच्या घरात त्याआधी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: पाणी किती आहे, ते गोडं आहे की जड, आणि गाडीवर बसते ती धूळ कसली आहे. या तिन्हींची उत्तरं घराघरात वेगळी असतात, म्हणून शेजाऱ्यानं घेतलं तेच साहित्य आपल्याला लागू पडेल असं नाही.

पाणी किती आहे हे मोजायला पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. नेहमीच्या पाइपनं बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. एका मिनिटात भरली तर प्रवाह मिनिटाला पंधरा लिटर. मग नेहमीसारखी गाडी धुताना पाइप एकूण किती मिनिटं चालू राहतो तेही मोजा. हा आकडा बहुतेकांना चकित करतो, कारण साबण लावताना पाइप जमिनीवर वाहत पडलेला असतो, तेव्हाचं पाणी कुणी हिशेबात धरत नाही. पाइपच्या टोकाला बसणारी, बोट सोडलं की बंद होणारी पिस्तुलासारखी तोटी ही म्हणूनच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. तिच्या जोरावर मात्र फार विसंबू नका. टाकीतल्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापेक्षा चार-पाच मीटरच उंच असते. म्हणजे जेमतेम अर्धा बार. त्यात तोटीवर छापलेला ‘हाय प्रेशर’ हा शब्द काही भर घालू शकत नाही.

आता पाण्याच्या जातीकडे. आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन बोअरमध्ये येतं. विष्णुपुरीच्या जलाशयातून शुद्ध होऊन नांदेडच्या नळाला येणारं गोदावरीचं पाणी आणि त्याच गल्लीतल्या बोअरचं पाणी यांतला फरक घरातल्या बाईला चुलीपाशी कळतो. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, अशी सूट आहे. आपल्या बोअरचं पाणी यात कुठे बसतं ते तपासून घ्या. काही शे रुपयांना मिळणारं टीडीएस मीटर नेमका जडपणा दाखवत नाही, एकूण विरघळलेले क्षार दाखवतं. तरी नळाचं आणि बोअरचं पाणी शेजारी ठेवून मोजलं की अंदाज येतो.

हे जड पाणी गाडीवर काय करतं? मे महिन्यात दुपारी बॉनेटला हात लावून बघा, लागत नाही. अशा पत्र्यावर बोअरच्या पाण्याचा थेंब पडला की पाणी उडून जातं आणि क्षारांचं पांढरं कडं मागे राहतं. ताजं असताना ते पुसलं जातं. पाणी मारलेलं पांढरं व्हिनेगर फडक्यावर घेऊन हलक्या हातानं पुसलं आणि वर साधं पाणी फिरवलं तरी निघतं. पण तेच थेंब आठवडेच्या आठवडे उन्हात भाजत राहिले तर रंगावरच्या पारदर्शक थरात रुततात आणि मग पॉलिशवाल्याकडे जावं लागतं. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर हे डाग लांबूनही दिसतात. म्हणून ज्यांच्या घरी फक्त बोअर आहे त्यांच्यासाठी पाणी पुसून घेणारा चांगला टॉवेल यंत्राहून महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या लोकरीसारखा, दर चौरस मीटरला ८०० ग्रॅमच्या वरचा मायक्रोफायबर टॉवेल घ्या. तो ओल्या पत्र्यावर पसरायचा आणि हळूच ओढायचा, घासायचा नाही. शेवटचं पाणी दोन लिटर का होईना, गोडं असावं: पावसाळ्यात पागोळीचं, एरवी घरच्या आरओचं शुद्ध पाणी. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र त्या कामाला घेऊ नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. चाकं आणि मडगार्डचा चिखल भिजवायला ते उत्तम. एरवी मोरीत जाणाऱ्या पाण्याचा तेवढाच उपयोग.

धुळीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गाडीचा रंग पाण्यापेक्षा धुळीनं जास्त खराब होतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस याहून जाड असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. उन्हाळ्यातला फुफाटा गाडीवर बसला आणि सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत कोरड्या फडक्यानं झटकला की प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो. पार्किंगमध्ये रोज फडकं मारून घेतलेली गाडी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा. दिव्याभोवती दिसावी तशी गोल गोल जाळी सगळ्या बॉनेटवर दिसते. आठवड्यातून एकदा नीट ओली धुतलेली गाडी रोज कोरडी पुसलेल्या गाडीपेक्षा जास्त वर्षं चमकते.

हंगाम बदलला की धूळही बदलते. ऊस गाळप सुरू झालं की साखर कारखान्यांच्या पट्ट्यात चिमणीतून बगॅसची राख उडते. हाताला मऊ लागते, पण तिच्यात सिलिका असतं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मळणीयंत्रांचं भूस काचेच्या खालच्या जाळीत जाऊन बसतं. तिथे पाणी मारण्यापेक्षा मऊ ब्रश आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर बरा, नाहीतर ते भिजून कुजतं.

आणि पावसाळ्यातली काळी माती. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ सोडून शेताच्या वाटेला लागलं की तिचा हिसका कळतो. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून घट्ट धरते. शेतात तिला भेगा पडतात. गाडीच्या पत्र्यावर ती खपली धरून बसते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या कडेमागे तिचा मोठा गोळा अडकतो आणि ओल धरून ठेवतो. गंज तिथूनच सुरू होतो. या मातीला जोरापेक्षा वेळ लागतो. वाळलेली खपली नखानं किंवा काथ्यानं खरवडू नका. आधी नुसती भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. मग ती आपल्याच वजनानं पापुद्र्यासारखी सुटते आणि थोड्या पाण्यात वाहून जाते. सुकलेल्या चिखलावर सुरुवातीलाच जोराचा फवारा मारला तर पाणीही तिप्पट लागतं आणि मातीतली वाळू रंगावरून घासत जाते.

भिजवायला काय वापरायचं? इथे आपल्या भागाला शोधत जावं लागत नाही. शेतकऱ्याच्या घरात पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप असतोच. आता तर बॅटरीचे पंप सर्रास झालेत. हापसावं लागत नाही, बटण दाबलं की बारीक फवारा सुरू होतो. दाब दोन-चार बारचाच, पण चिखल भिजवायला आणि धूळ उतरवायला तो पुरतो. एक टाकी भरली की पाण्याचा हिशेबही आपोआप बांधला जातो: सोळा लिटरच्या वर जायचंच नाही. माझ्या मते खेड्यातल्या घरासाठी याहून योग्य साधन नाही. फक्त एक गोष्ट कधीही करू नका. कापसावर, सोयाबीनवर औषध मारलेला पंप धुऊन गाडीला वापरू नका. तणनाशकाचा अंश टाकीच्या वायसरात, नळीत, नोझलच्या जाळीत राहतो. तो हातावर, दाराच्या हँडलवर, स्टिअरिंगवर येतो आणि तिथून लेकराच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. पाणी जिथे ओघळतं तिथली रोपंही जळतात. गाडीसाठी वेगळा पंप घ्यायचा, त्यावर रंगानं मोठं ‘गाडी’ लिहायचं आणि तो औषधांच्या खोलीत ठेवायचा नाही. शहरात बागेसाठी मिळणारा दोन किंवा पाच लिटरचा हातपंप हेच काम करतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. पार्किंगमध्ये नळ नसतो, असला तर सोसायटी तो वापरू देत नाही, आणि टँकरच्या दिवसांत तर ते बरोबरच आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठेवला होता. अशा घरांसाठी ‘रिन्सलेस’ म्हणून मिळणारं द्रावण खरंच विचार करण्यासारखं आहे. आठ-दहा लिटरच्या बादलीत एखादं झाकण टाकायचं. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती वेढा घालतात आणि तो रंगावर घासू देत नाहीत. यात साबणासारखा फेस काढायला नंतर पाणी मारावं लागत नाही, पुसलं की झालं. पण यासाठी मायक्रोफायबरची सहा-आठ फडकी हवीत. एक फडकं घडी घालून एका भागासाठी वापरायचं, बाजू पालटायची, सगळ्या बाजू मळल्या की ते बाजूला टाकून नवं घ्यायचं. मळलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं की सगळी पद्धतच फसते. चिखलानं माखलेल्या गाडीला हे चालत नाही. ती आधी भिजवून उतरवावीच लागते.

मायक्रोफायबर म्हणजे काय तेही बघू. अतिसूक्ष्म धागा जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये तयार केला. पुसण्याच्या कापडात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचा धागा चिरून त्याच्या बारीक कडा केलेल्या असतात. त्या कडांत धूळ आणि पाणी शिरतं. जुन्या सुती बनियनमध्ये धूळ अशी आत जात नाही, कापड आणि रंग यांच्यामध्येच फिरत राहते. पुसायला दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅमचं कापड पुरे. कडेला जाड शिवण असेल तर घेऊ नका, आणि धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका. त्यानं धाग्यांवर मेण चढतं आणि कापड पाणी शोषेनासं होतं. स्पंजही टाळा. त्याची सपाट बाजू खड्याला खाली दाबून धरते. लांब तंतूंचा हातमोजा खडा आत ओढून घेतो. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण हे गाडीसाठी नाहीत. ते मेणाचा थर काढून टाकतात आणि जड पाण्यात काचेवर साय धरतात. गाडीचा शाम्पू, पीएच सात-आठच्या आसपासचा, एका बादलीला झाकणभर लागतो. बाटली वर्षभर जाते.

दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा आधी साध्या पाण्यात हिसळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी प्लास्टिकची जाळी ठेवली तर खाली बसलेली वाळू परत वर येत नाही. बाजारातली जाळी महाग वाटली तर तळात बसेल अशी भाजीची जाळीदार टोपली उलटी ठेवली तरी भागतं.

इतकं झाल्यावर यंत्राकडे येऊ. उच्च दाबाच्या धुलाई यंत्राचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीच्या आल्फ्रेड कर्चर यांनी युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं उच्चदाब यंत्र १९५० मध्ये बनवलं. घरात वापरता येईल असं हलकं यंत्र त्यांच्या कंपनीनं १९८४ मध्ये बाजारात आणलं. त्याचा मोठा गुण असा, की ते पाणी वाचवतं. मिनिटाला पाच-सहा लिटर पाण्यात पाइपच्या पंधरा लिटरपेक्षा जास्त माती निघते. धुवायला मिळून सहा-सात मिनिटं बटण दाबलं तर चाळीस लिटरच्या आसपास काम होतं. ज्यांच्याकडे चिखलात जाणारी गाडी आहे, अंगण आहे आणि पाण्याची टाकी आहे, त्यांनी ते जरूर घ्यावं. बाकीच्यांचं त्याच्यावाचून अडत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांची परीक्षा दुकानातच करता येते. बार आणि मिनिटाला लिटर यांचा गुणाकार करा, ६०० नं भागा. जे येईल तितक्या किलोवॅटची ताकद पाण्याला द्यावी लागते. १०० बार आणि ६ लिटर म्हणजे एक किलोवॅट. १४०० वॅटची मोटार हे करू शकते, कारण वाटेत काही ताकद वाया जातेच. पण त्याच १४०० वॅटच्या यंत्रावर २०० बार आणि १० लिटर लिहिलेलं असेल तर उत्तर सव्वातीन किलोवॅटच्या वर जातं. ती ताकद त्या मोटारीत नाहीच. अनेकदा कमाल दाब एका वेळचा आणि कमाल प्रवाह दुसऱ्या वेळचा असतो, आणि खोक्यावर दोन्ही शेजारी छापतात. तुम्हाला हवा असतो तो कामाच्या वेळचा दाब, आणि गाडीसाठी ८० ते १०० बार भरपूर झाला. रंगीत टोकं मिळत असतील तर गाडीवर पांढरं, चाळीस अंशांचं वापरा, फार तर हिरवं. लाल टोक शून्य अंशाचं असतं. त्याची धार रंग उडवते आणि टायरची बाजू चिरू शकते. पत्र्यापासून हातभर अंतर ठेवा.

आपल्याकडे यंत्र नळाला जोडून भागत नाही, कारण टाकीचा दाब कमी आणि नळ दिवसाआड. म्हणून ड्रममधून किंवा बादलीतून स्वतः पाणी ओढणारं यंत्रच मागा, आणि दुकानदाराला ते बादली ठेवून चालवून दाखवायला सांगा. ओढणीच्या नळीला जाळी हवी. बोअरच्या पाण्यातली रेव पंपाची सीलं खाते. नळीत हवा शिरून यंत्र कोरडं चालू राहिलं तरी तेच होतं.

मोटारी दोन प्रकारच्या. कार्बन ब्रशची हलकी, स्वस्त आणि आवाजाची. इंडक्शनची जड, महाग, पण जास्त चालणारी. आठवड्याला दहा मिनिटांसाठी पहिली पुरते. शिवाय गावात वीज आल्यावर शेतातले पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं, तेव्हा इंडक्शन मोटार जास्त करंट ओढून तापते. ब्रशची मोटार नुसती मंदावते. १४०० वॅटला सुमारे सहा अँपिअर लागतात, म्हणजे घरातल्या लहान सॉकेटची हद्दच. म्हणून यंत्र सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. पातळ एक्स्टेंशन गरम होतं. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि जोड पाण्यापासून उंचावर ठेवा. ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी, हातात विजेचं यंत्र असताना अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल, तर आधी तो बसवून घ्या. यंत्राचे पैसे थोडे थांबले तरी चालतील.

यंत्राला लावायची फेसाची बाटली शेवटी घ्या, किंवा घेऊच नका. जड पाण्यात फेस पातळ येतो, लगेच ओघळतो आणि धुऊन काढायला वेगळं पाणी लागतं.

वापरलेलं पाणी कुठे जातं तेही बघायला हवं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गावातली गटारं आणि डास घालवले आणि पुढे तो नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला गेला. अंगणाचा उतार अशा खड्ड्याकडे असेल तर गाडीचं पाणीही तिथेच मुरतं. मात्र इंजिनाचं तेलकट पाणी त्यात सोडू नका. तेलाचा थर खड्ड्याची तोंडं बुजवतो आणि जवळच बोअर असेल तर तेल तिथवर झिरपायची भीती राहते. तेलाचे डाग चिंधीनं कोरडेच पुसून घ्यावेत.

काम झालं की यंत्र बंद करून बंदुकीचा खटका दाबा, आत राहिलेला दाब सोडून द्या. पंपात बोअरचं पाणी तसंच राहिलं तर गिझरच्या कॉइलवर धरतो तोच खार झडपांवर धरतो. म्हणून शेवटचं अर्धं मिनिट आरओचं किंवा पावसाचं पाणी ओढू द्या, नळ्या काढून उलट्या टांगा आणि यंत्र उन्हात न ठेवता जिन्याखाली ठेवा.